झाडं प्यायली, लेकरांचं काय?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या वस्तीत शाळा आणि मशीद यांच्यामध्ये एक मोकळी सार्वजनिक जागा आहे. दोन बाके, एक घसरगुंडी आणि कडेने आम्ही लावलेली रोपे. सातवीच्या मुलांनी पावसाळ्यात वीस रोपे लावली होती. कडुनिंब, करंज, बहावा. एप्रिलपर्यंत त्यातली चौदा उरली आणि तीही माना टाकू लागली. मग मीच मुलांना सांगितले, शाळेच्या पिण्याच्या टाकीला पाइप जोडा. मुले खूश झाली. रोपांबरोबर एकमेकांनाही भिजवू लागली.

तेवढ्यात समोरच्या गल्लीतल्या एक बाई रिकामा हंडा घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी वस्तीत पाणी येण्याची पाळी नव्हती. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आपा, झाडं प्यायली. लेकरांचं काय?"

मी नळ बंद केला, त्यांचा हंडा भरून दिला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. झाड लावणे हा सदका आहे, त्याचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने कुणीही खाल्ले तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो, ही हदीस मी मुलांना दरवर्षी सांगते. पण हा सदका दुसऱ्याच्या हंड्यातून करावा, असे तर कुठेच म्हटलेले नाही!

मग झाडांना पाणी द्यायचे ते कोणते? पुढच्या रविवारी फजरनंतर मी आणि माझे मिस्टर स्कूटरवर निघालो. ठरवले, आज आपल्या शहरातले पाणी पाहत पाहत थेट चाकणपर्यंत जायचे.

पहिला थांबा रावेतचा बंधारा. आपल्या पिंपरी-चिंचवडचे बहुतेक पाणी इथूनच येते. मावळातल्या पवना धरणातून पाणी नदीत सोडतात. ते वाहत रावेतला आले की पंपाने उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करून घरोघरी पाठवतात. शहर इतके वाढले की नोव्हेंबर २०१९ पासून आपल्याला एक दिवसाआड पाणी मिळते. पुढे आंद्रा धरणाचे पाणी आले, भामा आसखेडचे पाणी आणण्याचे काम निघाले, तरी घरातले पिंप आणि बादल्या काही रिकाम्या ठेवता येत नाहीत.

बंधाऱ्यावर उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. हेच पाणी धरणापासून बंद जलवाहिनीने आणण्याची योजना होती. मावळच्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी जिवानिशी गेले. कुणाची बाजू बरोबर, हा वाद इथे काढत नाही. पण नळ सोडताना एवढे तरी मनात असावे, की हे पाणी फुकट आलेले नाही. ते कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून आपल्यापर्यंत आले आहे. ही अमानत आहे.

रावेतहून किवळ्याच्या पुढे गेले की द्रुतगती मार्गालगत गहुंजेचे क्रिकेट स्टेडियम दिसते. आमच्या शाळेतल्या पोरांचे ते तीर्थच! २०१६ च्या उन्हाळ्यात या हिरवळीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी जात होते. अशा वेळी आयपीएलच्या मैदानांवर पाणी ओतायचे का, असा सवाल एका जनहित याचिकेने केला. आयोजकांनी सांगितले, आम्ही पिण्याचे पाणी घेणार नाही, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू. तरीही १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले.

त्या वेळी सगळीकडे चर्चा झाली ती सामन्यांची. मला मात्र आज त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. हिरवळीला पिण्याचे पाणी लागतच नाही, हे सगळ्यांनाच माहीत होते. मग ते आठवायला दुष्काळ आणि कोर्ट कशाला लागावे?

परत फिरून निगडीला दुर्गा टेकडीवर गेलो. सुट्टीचा दिवस, चालायला आलेल्यांची गर्दी. वरच्या जुन्या झाडांखाली पानांचा थर पडलेला. तिथे कुठे पाइप दिसला नाही. झाडांनी आपल्या मुळांनी आपली सोय केलेली. पाणी मागते ती हिरवळ.

बाकावर बसून मिस्टरांनी हिशेब मांडला. ते कारखान्यात स्टोअरला आहेत, हिशेबाशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज पिते. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे एक गुंठा हिरवळीला रोज पाचशे ते सहाशे लिटर. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एक गुंठा गवत चार माणसांचे पाणी पिते. तेही गवतच, ज्यावर बहुतेक ठिकाणी "आत जाऊ नये" अशी पाटी असते!

कडुनिंब, करंज, बहावा यांचे तसे नाही. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाजावे लागते. मग ती आपली आपण उभी राहतात आणि सावलीही देतात. म्हणजे पाणी कोणते द्यायचे, याच्या आधीचा प्रश्न म्हणजे लावायचे काय.

टेकडीवरून उतरून स्पाइन रोडने भोसरीकडे निघालो. वाटेत चहाला थांबलो. शेजारच्या बाकड्यावर एका सोसायटीचे माळीकाका बसले होते. बीड जिल्ह्यातून आलेले. त्यांना विचारले, "काका, तुमच्या बागेला पाणी कुठलं?"

"आधी बोअरचं होतं, ताई. मार्चमध्ये बोअर आटली. आता टँकर."

"टँकर कुठून भरतो?"

काका हसले. "ते टँकरवाल्यालाच ठाऊक."

आपल्याकडचा दगड काळा कातळ. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या फटींत. तो साठा मोठा नसतो. एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याची उथळ बोअर किंवा विहीर कोरडी पडते. आणि टँकर पुष्कळदा अशाच दुसऱ्या एखाद्या बोअरवर किंवा विहिरीवर भरतो. म्हणजे आपल्या बागेसाठी बोअर मारणे म्हणजे जमिनीखालून दुसऱ्याच्या हंड्यात हात घालणे. फरक इतकाच की इथे हंडेवाली बाई फाटकाशी येऊन उभी राहत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

काकांनीच मग दुभाजकाकडे बोट दाखवले. एक टँकर हळूहळू पुढे सरकत होता आणि एक माणूस मागून पाइपने कण्हेरीला पाणी देत होता. "हे बघा, हे प्लँटचं पाणी. वासावरून ओळखू येतं."

प्लँट म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्र. चिखली, कासारवाडी, आकुर्डी, चऱ्होली अशा बऱ्याच ठिकाणी आपल्या शहरात ती आहेत. अभियंते असे धरतात की घरात आलेल्या पाण्यापैकी ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. १३५ लिटरमागे १०८ लिटर! पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर. म्हणजे मघाच्या त्या एक गुंठ्याची सोय एका कुटुंबाच्या मोरीतून होऊ शकते. हे पाणी जाळीतून गाळतात, त्यातली घाण खाली बसवतात, हवा सोडून जिवाणूंकडून उरलेली घाण खाववतात आणि शेवटी क्लोरीन टाकतात. झाडांना उपयोगी असे नत्र आणि स्फुरद त्यात थोडे शिल्लक राहते, ते खतासारखे कामी येते.

पण ते वापरायला अदब लागतो. काही नियम साधे आहेत. हे पाणी कारंज्यासारखे उडवू नये. थेंब हवेत जातात आणि मुलांच्या नाकातोंडात जाऊ शकतात. ठिबकने किंवा आळे करून मुळाशी द्यावे. मुले खेळायला येण्याच्या वेळी देऊ नये, रात्री किंवा पहाटे द्यावे. कोथिंबीर, पालक अशा कच्च्या खायच्या भाज्यांना वापरू नये. त्याचा पाइप पिण्याच्या पाइपला कुठेही जोडू नये आणि नळावर मोठ्या अक्षरांत "पिण्यासाठी नाही" असे लिहावे. त्यात क्षार जास्त असतात. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर समजावे की जमिनीला एका चांगल्या पावसाची गरज आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुलियन बारे आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याची भीती आपण सगळ्यांनी अनुभवली. म्हणून ही काळजी फाजील नाही.

भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावर आलो. इथे खेड तालुका सुरू होतो. पुलावरून खाली पाहिले. पाणी काळसर होते. थोडे खाली आळंदी. तिथे वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात, त्यावर पांढरा फेस तरंगताना आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो.

माझे माहेर सोलापूर. तिथे आजही चार-चार दिवसांनी पाणी येते आणि अम्मी पिंपावर फडके बांधून ते जपून वापरते. सोलापूरचे पाणी उजनीचे. आणि उजनीत येते काय? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि ती मुळा-मुठा पुढे भीमेला. भीमा उजनीत. म्हणजे चिंचवडला मी मोरीत सोडलेले पाणी फिरून फिरून अम्मीच्या पिंपाच्या वाटेला लागते. ते शुद्ध करून इथल्या झाडांना दिले, तर तेवढी घाण खाली जात नाही आणि धरणातून तेवढे चांगले पाणी कमी उचलावे लागते. हे मी नकाशावर मुलांना कितीदा शिकवले असेल. पण पुलावर उभे राहून पहिल्यांदाच वाटले, की हा भूगोल नाही, ही रिश्तेदारी आहे.

चाकणला पोहोचायला दुपार झाली. तळेगाव चौकात वाहतूक तुंबलेली. एके काळी हे गाव कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी ओळखले जाई. १६६० मध्ये शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी थोड्या माणसांनिशी तो सुमारे दोन महिने लढवला. किल्ल्याभोवती खंदक आहे. आता भोवताली मोटारींचे कारखाने आहेत आणि त्यांच्यासमोर हिरव्यागार बागा.

माझा एक जुना विद्यार्थी इथल्या एका कारखान्यात पाण्याच्या प्लँटवर काम करतो. तो फाटकाबाहेर भेटायला आला. "मॅडम, तुम्ही वर्गात मला नेहमी उठवायचा, आता मी तुम्हाला शिकवतो," म्हणाला. त्याने सांगितले, कारखान्याला परवानगी मिळते तेव्हाच सांडपाण्याचे काय करणार, ते लिहून द्यावे लागते. कँटीनचे, संडास-बाथरूमचे पाणी शुद्ध करून बागेला देणे ही नेहमीची अट. रंगाचे, तेलाचे, रसायनांचे पाणी वेगळे ठेवतात. ते मिसळले तर बाग जळते.

"मग तुमच्या बागेला नळाचं पाणी कधीच नाही?"

"कशाला, मॅडम? आम्ही तर रोज शुद्ध केलेलं पाणी कुठे वापरू, याचा विचार करतो. पावसाळ्यात बागेला नको असतं, तेव्हा खरी परीक्षा."

मोठ्या सोसायट्यांनाही हे लागू आहे. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी लागते आणि त्यात सांडपाणी शुद्ध करून वापरायची अट असते. तुम्ही अशा सोसायटीत राहत असाल तर एकदा तळघरात जाऊन पाहा, तो प्लँट चालू आहे की त्यावर जुनी गादी ठेवली आहे. विजेचे बिल वाचवायला तो बंद ठेवला की वर बागेत पिण्याचे पाणी जाते आणि खाली नदीत घाण.

घरी परतताना माझ्या डोक्यात क्रम तयार होत होता. सगळ्यांत चांगले पाणी माणसांना आणि मुक्या जनावरांना. जमिनीतले पाणी अडीअडचणीसाठी राखून. आणि झाडांना असे पाणी, ज्याची दुसरे कुणी वाट पाहत नाही. पण आमच्या चौदा रोपांसाठी शुद्ध केलेल्या पाण्याचा टँकर कोण पाठवणार? ठिबकची नळी कोण टाकणार?

मगरिबची अजान झाली. समोर मशिदीच्या वजूखान्यातून पाण्याची धार गटारात पडत होती. ती तर मी रोज ऐकत होते!

मिस्टरांनी कमिटीत विषय काढला. दोन अडचणी आल्या. एक बुजुर्ग म्हणाले, "वजूचं पाणी असं पायदळी जाऊ द्यायचं?" दुसरे म्हणाले, "वापरलेलं पाणी मशिदीजवळ साठवायचं, नापाकी होईल." मौलानासाहेबांनी दोघांचे शांतपणे ऐकले. मग सांगितले, वजूचे वापरलेले पाणी पाक आहे. त्याने पुन्हा वजू होत नाही, इतकेच. हनफी आणि शाफई, दोन्हींत हेच आहे. आणि हसून म्हणाले, "रोपांना कुठे वजू करायचा आहे?" पाय पडू नये असे वाटत असेल तर आळ्याभोवती विटा लावा, म्हणाले. गटारात जाण्यापेक्षा ते बरेच नाही का?

मग त्यांनी आणखी एक माहिती दिली, ती मला नवी होती. १९७८ मध्ये सौदी अरबच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने सांडपाण्याबद्दलही विचार केला होता. शुद्ध केल्यावर त्यात घाणीचा रंग, चव, वास राहिला नसेल तर ते पाक, असा निर्णय त्यांनी दिला. आरोग्याला धोका नसावा, हेही पाहायला सांगितले. म्हणजे या प्रश्नावर दीनने दार बंद केलेले नाही.

आणि आपल्या बुजुर्गांनी तरी काय केले? औरंगाबादची पाणचक्की पाहिलीच असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात मातीच्या नळांतून दुरून आणलेले पाणी आधी जाते फिरवी, त्यावर फकिरांसाठी पीठ दळले जाई, आणि तेच पाणी समोरच्या हौदात पडे. एका पाण्याकडून दोन कामे घेण्याची ही रीत आपल्या दख्खनचीच आहे.

पुढच्या शनिवारी मुलांनी मोजणी केली. बादलीवर लिटरच्या खुणा केल्या. नळ पूर्ण सोडून केलेल्या वजूला सरासरी पाच लिटर लागले. पाच वेळच्या मिळून १२० जणांनी मशिदीत वजू केला. म्हणजे ६०० लिटर. नबी करीम (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आसपास, वजू करीत, हे मुलांना ठाऊक होते. बादलीकडे पाहून ती गप्प झाली.

मग एका मुलाने हात वर केला. "मिस, आपण वजूत पाणी वाचवलं तर झाडांना कमी पडेल ना?"

मला प्रश्न फार आवडला. फळ्यावर गणित मांडले. प्रत्येकाने दोन लिटरांत वजू केला तर २४० लिटर. एका रोपाला १५ लिटर धरले तर १४ रोपांना २१०, आणि तेही एक दिवसाआड. तरी पुरून उरते. इसराफ करून सदका करायची गरज नाही.

वजूखाना जरा उंचावर आहे, त्यामुळे पंप लागला नाही. एका पिंपात खडी आणि वाळूचा थर, त्यातून पाणी ५०० लिटरच्या झाकणाच्या टाकीत, तिथून नळीने आळ्यांत. वजूच्या पाण्यात साबण नसतो, हा मोठा फायदा. टाकी रोज रिकामी करायची, कारण साठलेल्या पाण्याला वास येतो आणि डास होतात. पावसाळ्यात पाणी गटाराकडे वळवायची चावी वेगळी. खर्च जमातीतल्या चार जणांनी उचलला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. वाळू महिन्यातून एकदा धुवावी लागते आणि तो वार सगळे विसरतात. मे महिन्यात आणखी तीन रोपे गेली. अकरा उरली. पण शाळेच्या टाकीचा पाइप पुन्हा जोडावा लागला नाही. त्या हंडेवाल्या बाईंचा मुलगा आता असरनंतर चावी फिरवायला येतो.

तुमच्या मशिदीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या अंगणातले पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे एका सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर फिरून पाहा. फार लांब जावे लागत नाही. आम्ही चाकणपर्यंत जाऊन आलो आणि आमचे पाणी घरासमोरच वाहत होते.